निवळवेळ

सहावीचा वर्ग 'सहभाव' विषयात जिल्ह्यात पहिला आला, त्या दिवशी घाटमाळच्या शाळेत खिचडीला सुट्टी मिळाली आणि ओल्या काजूगरांची उसळ शिजली. मुख्याध्यापक शिंत्रे सरांनी तीनदा वाढून घेतली. एरवी हा माणूस खडूचा तुकडा नखाएवढा झाला तरी टाकू न देणारा, पण त्या दिवशी त्यांच्या हाताला धरबंध नव्हता.

"गुरुवारी समिती येतीया, रेडेकरबाई," ते बोटं चाटत म्हणाले. "वर्ग बघणार आणि मग तुमची पद्धत शिक्षकांच्या पुस्तिकेत छापणार. जूनपासून सगळ्या राज्यात. रेडेकर पद्धत म्हणून."

"माझं कसलं काय सर, पोरं गुणाची आहेत," वैजयंता रेडेकर म्हणाल्या, पण आतून त्यांना गुदगुल्या झाल्याच. सव्वीस वर्षं आजऱ्याच्या डोंगरातल्या शाळांमधून घसा कोरडा केल्यावर स्वतःचं नाव छापून येणार म्हटलं, तर कुणाला होणार नाहीत? त्यांनी पंगतीकडे नजर टाकली. शेवटच्या पाटावर चैत्रा सिद्दी खाली मान घालून जेवत होती. ही पद्धत खरं तर त्या एका पोरीसाठी जन्माला आली होती.

पद्धत कळायची, तर आधी स्पंदपट्टी कळायला हवी. फार वर्षांपूर्वी मेंदूच्या अभ्यासकांनी एक गमतीचा प्रयोग केला होता. माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवायचा, समोर रबराचा हात मांडायचा आणि दोन्हींवर एकाच वेळी, एकाच लयीत कुंचला फिरवायचा. थोड्याच वेळात त्या माणसाला रबराचा हात आपलाच वाटू लागतो. त्यावर कुणी हातोडा उगारला तर तो दचकतो. आपलं शरीर कुठे संपतं हे मेंदूने काही दगडावर कोरून ठेवलेलं नसतं. लय जुळली की तो परक्यालाही घरात घेतो.

पुढच्या संशोधकांनी कुंचल्याच्या जागी नाडी घेतली. स्पंदपट्टी मनगटावर बांधली की ती नाडीच्या ठोक्यांमधलं अंतर, कातडीवरची घामाची ओल आणि श्वासाची लय टिपते. मग तीच लय ती गटातल्या बाकीच्या चार मुलांच्या मनगटावर, आतल्या बाजूने, हलक्या दाबाने उमटवते. अर्ध्या-पाऊण तासात मेंदू त्या परक्या ठोक्यांना आपलं मानू लागतो. गटातलं एक पोर दुखावलं की बाकीच्या चौघांच्या पोटात कालवतं. मुलं त्याला 'चावणं' म्हणत.

कल्पना सोन्यासारखी होती. कुणाला चिडवू नका म्हणून भाषणं द्यायला नकोत. चिडवलं की चिडवणाऱ्यालाच चावणार. पण आपल्याकडे गुण चिकटल्याशिवाय कुठलीच गोष्ट शाळेत टिकत नाही. सहभावाला वीस गुण ठरले. ते कसे द्यायचे यावर तज्ज्ञांनी डोकं लढवलं आणि 'निवळवेळ' शोधून काढली. एका मुलाचा ताण वर गेला की तो गटाच्या सोबतीने किती मिनिटांत खाली येतो, ते मोजायचं. वेळ जितका कमी, तितका गट मायाळू. गडहिंग्लजला एका क्लासवाल्याने लगेच 'पंधरा दिवसांत सहभाव' अशी पाटी लावली आणि त्याच्या दारात पालकांची रीघ लागली.

चैत्रा पाचवीत असताना घाटमाळला आली. तिचे वडील गणपती सिद्दी काजूच्या कारखान्यात ट्रक चालवायचे, आई नागवेणी तिथेच बियांतून काजूगर सोडवायची. माणसं यल्लापूरच्या जंगलातली. चार-पाचशे वर्षांमागे आफ्रिकेतून जहाजांत घालून आणलेल्या, विकलेल्या माणसांचे हे वंशज. घरात कोंकणी, बाजारात कानडी आणि आता शाळेत मराठी, असा त्यांचा तीन भाषांचा संसार. पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि कुणी सांगितलंही नाही. पहिल्या दिवशी त्यांनी चैत्राच्या केसांना हात लावून बघितला. दुसऱ्या दिवशी राजवीर होडगेने तिला नाव ठेवलं: काजूतेल. काजूची बी फोडली की टरफलातून काळा चीक निघतो, कातडी भाजून काढणारा. घाटमाळमधल्या शेंबड्या पोरालाही तो माहीत असतो, त्यामुळे नाव चांगलंच चिकटलं.

आठवड्याभरात चैत्राने बाईंना सांगितलं. "दुर्लक्ष कर गं," बाई म्हणाल्या. "दोन दिवस चिडवतील आणि गप बसतील." राजवीरला त्यांनी दोन शब्द सुनावले आणि विषय मिटला असं धरून चालल्या.

मग स्पंदपट्ट्या आल्या. पहिल्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीजवळ कुणीतरी ते नाव घेतलं आणि चैत्राचा अख्खा गट कळवळला. तिची मैत्रीण स्वरांजली तर हुंदके देऊ लागली. "बाई, चैत्रामुळं आम्हाला चावतंय," गट तक्रार घेऊन आला. बाईंच्या काळजाचं पाणी झालं. त्यांनी चैत्राला व्हरांड्यात नेलं, तिचे हात तिच्या पोटावर ठेवले आणि शिकवलं: चार अंक श्वास आत, चार अंक धरून, सहा अंक बाहेर. महिनाभर रोज. तिच्यासाठी डब्यात एक थालीपीठ जादा येऊ लागलं. पोरगी हुशार, तिने चटकन उचललं. गटाची निवळवेळ पंचवीस मिनिटांवरून तीनवर आली, मग एकवर. बाईंनी साऱ्या वर्गालाच ते श्वास शिकवले, आणि तीच रेडेकर पद्धत ठरली. चैत्राने रडणं सोडलं, आणि बाईंना वाटलं तिचं दुखणंच गेलं.

सोमवारी तिसऱ्या तासाला शिंत्रे सर तालुक्याच्या क्रीडास्पर्धांची यादी घेऊन वर्गात आले.

"चारशे मीटरला चैत्रा," ते लिहिता लिहिता म्हणाले. "तिला विचारायचं काय त्यात? रक्तातच असतंय यांच्या."

"व्हय सर," चैत्रा हसून म्हणाली.

बाई समितीसाठी पट्ट्यांच्या नोंदींतले चांगले नमुने निवडत होत्या, म्हणून टॅबलेट त्यांच्या हातातच होता. चैत्राच्या ताणाची रेघ मुंगीच्या वारुळाएवढी उठली आणि चाळीस सेकंदांत सपाट झाली. गटातल्या चौघांनी वहीतून मान वर केली नाही. पडद्यावर हिरवी खूण उमटली. त्या रेघेखाली श्वासाची रेघ असते. तिला गुण नाहीत, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. बाईंनी ती उगाच, हात लागला म्हणून, मोठी केली. चार. चार. सहा. चार. चार. सहा.

त्या खुर्चीत बसल्या आणि वर्षभराच्या नोंदी मागे मागे सरकवत गेल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाचा धडा शिकवला तो दिवस: वर्गाला वीसपैकी वीस, आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी, सगळ्या वर्गाने वळून चैत्राकडे बघितलं तेव्हा, चार-चार-सहा, नऊ वेळा. वर्गाचा फोटो काढला तो दिवस: फोटोवाला म्हणाला होता, "त्या पोरीला मागं घ्या बाई, उजेड खाती ती." आणि बाईंनी तिला खांद्याला धरून, हसत, मागच्या रांगेत उभं केलं होतं. चार-चार-सहा, सहा वेळा. रोज जेवणाच्या सुट्टीत, रोज पाण्याच्या रांगेत. नाव थांबलेलंच नव्हतं. रोज चौदा-पंधरा वेळा पोरगी मनातल्या मनात अंक मोजत होती, आणि यंत्र गटाच्या मायाळूपणाला गुण देत होतं. एखादं पोर कुणी जवळ घेतल्यामुळे निवळलं, की त्याने एकट्यानेच सगळं गिळून टाकलं, हे यंत्राला कळायची सोयच नव्हती. दोन्हींची रेघ सारखीच दिसते.

मंगळवारी शाळा सुटल्यावर बाई कारखान्यामागच्या खोल्यांकडे गेल्या. नागवेणी दारात बसून बोटांना राख चोळत होती. यंत्रं आली तरी अर्धवट फुटलेल्या बिया हातानेच सोडवाव्या लागत, आणि चिकाने तिची बोटं सोलवटली होती. तिने लगबगीने चहा टाकला.

"चैत्रा घरी रडते का हो कधी?" बाईंनी विचारलं.

"न्हाई बाई. आधी यायची, पदरात तोंड खुपसून बसायची. आता वरीस झालं, एकदापण न्हाई." नागवेणी कौतुकाने म्हणाली. "हे म्हणतात, शाळेनं पोरीला घट्ट केली. लई उपकार झाले तुमचे."

बाईंनी कप खाली ठेवला.

चैत्रा त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला आली. थोडं चालल्यावर बाई थांबल्या. "चैत्रा, तू मनात मोजतेस ना गं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"तुम्ही शिकवल्यापासनं." आवाजात तक्रार नव्हती. दिलेला अभ्यास रोज केल्यासारखं तिने सांगितलं, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

"पण कशासाठी?"

"न्हाई मोजलं तर स्वरांजलीला चावतंय. तिला सोसत न्हाई, बाई. ती लगेच रडती."

"आणि तुला?"

चैत्राने विचार केला. "मला सवय हाय."

बाईंनी तिला जवळ ओढायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तो हक्क आपल्याला उरला आहे की नाही, हे त्यांना कळेना.

"गुरुवारी मोजू नकोस," त्या म्हणाल्या.

"मग सगळ्यांना चावंल."

"चावू दे."

"गुण जातील. सर तुम्हाला बोलतील. तुमचं नाव छापणार हाय म्हणं पुस्तकात."

"ते छापलं ना चैत्रा, तर गावोगावच्या शाळांत तुझ्यासारख्या पोरांना हेच मोजायला शिकवतील. माझ्या नावानं. मला ते नको आहे."

चैत्रा पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. "बघते," ती म्हणाली, एखाद्या मोठ्या बाईसारखी, आणि घराकडे वळली.

बुधवारी बाईंनी शिंत्रे सरांना सगळं सांगायचा प्रयत्न केला. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "समिती जाऊ दे, मग निवांत बोलू." मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. त्यांनाही आयुष्यात एकदा शाबासकी हवी होती, त्यात त्यांचं फार चुकलं असं नाही.

गुरुवारी समिती आली. प्रमुख होत्या डॉ. शाल्मली उपासनी, स्पंदपट्टी घडवणाऱ्या चमूतल्या एक, मृदू बोलणाऱ्या. शिक्षकांनी पट्टी घालायची नाही असा नियम होता, मोजमाप बिघडतं म्हणून. बाईंनी कपाटातली जादा पट्टी काढली, साडीच्या पदराआड मनगटावर बांधली आणि चैत्राच्या पट्टीशी जोडून घेतली. सव्वीस वर्षांत नियम मोडण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

उपासनीबाई बाकांमधून फिरत चैत्रापाशी आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. "कशी आहेस गं? नाव काय तुझं?" चैत्राने नाव सांगितलं, वर्ग सांगितला, आवडता विषय सांगितला.

"अगं, किती छान मराठी बोलतेस तू," उपासनीबाई मनापासून म्हणाल्या. "मूळची कुठली?"

"कारखान्याजवळच राहतो आम्ही."

"तसं नाही गं. म्हणजे मूळची?"

बाईंच्या मनगटावर दोन-तीन ठोके झरझर आपटले. मग संथ झाले. चार. चार. पोरगी मोजू लागली होती. सवयच ती, इतक्यात सुटणार कशी? बाई पुढे झाल्या, बाकापाशी गुडघ्यांवर बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चैत्रा, मोजू नकोस बाळा."

चैत्राने त्यांच्याकडे बघितलं. बघता बघता मोजणी तुटली आणि मग ते आलं.

बाईंना आजवर कधी चावलं नव्हतं. त्यांचे कान तापले, पोटात खड्डा पडला. एवढं हे एवढ्याशा जिवात होतं, वर्षभर. त्यांनी बाकाची कड घट्ट धरली. गटातल्या चौघांचे हात मनगटाकडे गेले. स्वरांजलीचे डोळे भरून आले. "चैत्रा, श्वास घे की," ती कळवळून म्हणाली.

"नाही," बाई म्हणाल्या. "आज तिला कुणी श्वास घ्यायला सांगायचं नाही. काय झालं ते विचारा."

पोरांना चावल्यावर काय करायचं ते पाठ होतं, पण विचारायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. अखेर राजवीरच चाचरत म्हणाला, "काय झालंय, चैत्रा?"

"तुला ठाऊक न्हाई?" चैत्रा उभी राहिली. "काल टाकीपाशी तूच म्हणालास ते नाव. माझी आई त्या तेलात हात घालती. तिची बोटं सोलतात. तुम्ही ते नाव घेतलं की मला आईची बोटं दिसतात, आणि तुम्ही हसता." मग ती उपासनीबाईंकडे वळली. "मी यल्लापूरची. माझे आजोबा, पणजोबा समदे तिथलेच. हितं एवढी पोरं बसलीत, तुम्ही मूळ मलाच का विचारलं?" शिंत्रे सर दारात उभे होते. "आणि मला पळायला आवडत न्हाई सर. कधीच आवडलं न्हाई."

एवढं बोलून ती थांबेल असं वाटलं. ती थांबली नाही. तिने बाईंकडे बघितलं आणि बाईंच्या मनगटावरचा दाब एकदम वाढला.

"बाई, तुम्हाला तर मी सांगितलं होतं. पयल्या आठवड्यात. तुम्ही म्हणालात दुर्लक्ष कर. फोटोत मला मागं तुम्हीच केलं. आणि मग म्हणालात, श्वास घे." आणि ती रडली, मोठ्याने, तोंड न झाकता.

बाईंच्या ओठांवर कितीतरी गोष्टी आल्या. माया केली, थालीपीठं आणली, फोटोवाल्याच्या मागे घाई लागली होती. त्यांनी त्या सगळ्या गिळल्या. "हो," त्या म्हणाल्या. "मी केलं ते. माझं चुकलं, चैत्रा."

पुढे जे झालं त्याला धडा म्हणता येणार नाही, फार वेडंवाकडं होतं ते. राजवीर मान खाली घालून म्हणाला की नाव त्यानेच ठेवलं. दोघी-तिघी म्हणाल्या, आम्ही ठेवलं नाही पण हसलो. एकाने विचारलं, तुम्ही खरंच जहाजातून आला का, आणि चैत्राने डोळे पुसत सांगितलं की आम्ही आलो नव्हतो, आणलं होतं. स्वरांजलीने विचारलं, "मग तू मला कधी का न्हाई बोललीस?" "तू रडतीस म्हणून," चैत्रा म्हणाली. बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'वर्णभेद' लिहिलं आणि सांगितलं की हा धडा आपण समुद्रापलीकडचा म्हणून शिकलो, तेव्हा तो याच वर्गात चालला होता आणि मीही त्यात होते.

उपासनीबाईंच्या टॅबलेटवर लाल रेघ चढतच होती. दहा मिनिटं, वीस, एकेचाळीस. एवढी निवळवेळ राज्यात कुठेच नोंदली गेली नव्हती. त्यांनी टॅबलेट बाकावर पालथा घातला. निघताना त्या चैत्राला म्हणाल्या, "मी तो प्रश्न विचारायला नको होता." आणि बाईंना म्हणाल्या, "शांत झालं म्हणजे बरं झालं, असं या यंत्राला आम्हीच शिकवलंय. पुस्तिका थांबवते मी."

घाटमाळचा वर्ग पहिल्यावरून पार तळाला गेला. शिंत्रे सर चार दिवस बाईंशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी पळण्याच्या यादीतलं चैत्राचं नाव खोडलं आणि तिला न विचारताच चित्रकलेत घातलं. माणूस एका आठवड्यात बदलून बदलून किती बदलणार?

चैत्रा बाईंशी कामापुरतंच बोलायची. तिचा राग गेला नव्हता. बाईंना ते कुणी सांगायला नको होतं, कारण त्यांनी पट्टी काढली नव्हती. सकाळी वर्गात पाऊल टाकलं की मनगटावर टोचायला लागायचं. हजेरी घेताना, गणित सांगताना, डबा खाताना टोचत राहायचं. स्वरांजली आता चैत्राला श्वास घे म्हणायची नाही. तिच्या शेजारी बसायची आणि काय झालं ते ऐकायची, कधी रडत रडत का होईना. बाईंनी मात्र काही विचारलं नाही. एकदा माफी मागून झाली होती, आता ती पुन्हापुन्हा मागून पोरीकडून 'असू दे बाई' वदवून घेणं त्यांच्या जिवावर आलं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी बाई व्हरांड्यात वह्या तपासत बसल्या होत्या. चैत्रा आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. तिने बाईंच्या मनगटाकडे बघितलं.

"बाई, अजून चावतंय?"

"हो."

"लई?"

"सकाळी जरा जास्त असतं."

"मग काढून ठेवा की."

"नको."

चैत्रा खाली बसली. हातभर अंतर ठेवून, पण बाईंच्या शेजारीच. तपासलेल्या वह्या तिने उचलल्या आणि एकीवर एक रचू लागली.

"माझा राग अजून हाय," ती वह्यांकडे बघत म्हणाली. "मी मोजत न्हाई आता. मोजलं असतं तर कधीच गेला असता."

"असू दे," बाई म्हणाल्या. "मला घाई नाही."